कवळाण्याचे गोपाळराव
(श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे अल्पचरित्र)

आपल्या कळवण तालुक्यातून वाहत जाणारी गिरणा पुढे मालेगाव तालुक्यात शिरते. त्याच तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ता. ११ मार्च १८६३ रोजी काशीराव व उमाबाई गायकवाड यांच्या पोटी गोपाळराव जन्मास आले. घराणे बडोद्याच्या गायकवाडांचे दूरचे भाऊबंद. परंतु निर्वाह शेतीवरच. बाराव्या वर्षापर्यंत ह्या मुलास शेत, गुरे व गावाची शीव एवढेच जग ठाऊक होते. अक्षरओळख असली तर नाममात्रच.

इ. स. १८७५ त इंग्रज सरकारने बडोद्याचे मल्हारराव महाराज यांस पदच्युत केले. त्यांचे वडील बंधू खंडेराव महाराज पूर्वीच निवर्तले होते व त्यांस पुत्र नव्हता. तेव्हा खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आनंदराव, गोपाळराव व संपतराव हे तिघे बंधू राजधानीत आणले गेले, व महाराणींनी मधल्या गोपाळरावांस पसंत केले. ता. २७ मे रोजी दत्तविधान होऊन ते सयाजीराव ह्या नावाने गादीवर बसले. एका दिवसात मुलाचे नाव बदलले, घर बदलले, आणि शास्त्राप्रमाणे आईही बदलली. लोक ह्यास भाग्य म्हणतात, व ते खरेच; परंतु बारा वर्षांच्या जिवाने त्याचे केवढे मोल दिले असेल, हे मुलास परगावी शाळेत ठेवून परत येणाऱ्या आईबापांस सांगावयास नको.

गादी मिळाली, तरी योग्यता मिळवावयाची होती. इलियट नावाचे इंग्रज गुरू नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास, शिवाय कुस्ती व घोडदौड, असा क्रम चालला. ज्या वयात इतर मुले ग्रंथ वाचतात, त्या वयात ह्यांनी मुळाक्षरांपासून आरंभ केला, आणि चिकाटीने उणीव भरून काढली. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले. ता. २८ डिसेंबर १८८१ रोजी सर्वाधिकार त्यांच्या हाती आले.

ज्यास शाळेसाठी गाव सोडावे लागले, त्याने पुढे शाळाच गावोगावी नेली. इ. स. १८९३ त अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, व १९०६ त तो कायदा सर्व राज्यास लागू केला. मुलींसही त्यातून वगळले नाही. अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांकरिता शाळा व वसतिगृहे काढली. १९१० पासून गावोगाव वाचनालये उघडली. जेथे तीही नव्हती, तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. १९१३ त भीमराव आंबेडकर नामक तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले.

तथापि एक गोष्ट लपवू नये. तेच आंबेडकर १९१७ त बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हा त्यांस त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, व कचेरीतही अवहेलना सोसावी लागून अखेर ते निघून गेले. राजाचा कायदा शाळेचे दार उघडू शकतो; शेजाऱ्याच्या अंतःकरणाचे दार शेजाऱ्यानेच उघडावे लागते.

ता. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईस निवर्तले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या ह्या डोंगराळ मुलुखातील मुलेही विद्येकरिता नाशिक, मुंबई गाठतात. त्यांस जाऊ द्या, वियोग सोसा. आणि मुलांनो, शहरात मानाची जागा मिळाली म्हणजे तेवढ्यावरच तृप्त होऊ नका. जे तुम्हांस गावी मिळाले नाही, ते गावी पोहोचविणे हेच तुमच्या विद्येचे ऋण होय. ह्या ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येक घराने एवढा एक विचार मनाशी धरावा.