कुरआनचा अर्थ लोकांच्या भाषेत नेणारे शाह वलीउल्लाह

पानिपतचा धडा शिकवताना आम्ही शिक्षक शाह वलीउल्लाह हे नाव एका वाक्यात उरकतो. मराठ्यांवर चालून यावे म्हणून अहमदशाह अब्दालीला लिहिलेले पत्र त्यांच्या नावावर आहे, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी काय घडले हे मराठी घरातल्या पोराला सांगावे लागत नाही. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. पण हे गृहस्थ मुळात शिक्षक होते. भाषेबाबत त्यांनी जे केले, ते सीमाभागातल्या आपल्या माणसांनी जाणून घेण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १७०३ रोजी आजच्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातील फुलत गावी झाला. वडील शाह अब्दुर्रहीम दिल्लीत मदरसा चालवीत. वयाच्या सातव्या वर्षी मुलाचे कुरआन मुखोद्गत झाले. १७१९ मध्ये वडील वारले आणि कोवळ्या वयात मदरशाचा भार अंगावर आला. बारा वर्षे शिकवल्यावर ते हजला गेले. मक्का-मदिनेत त्यांनी हदीसचा अभ्यास केला आणि दिल्लीला परतून पुन्हा शिकवू लागले.

इस्लामच्या श्रद्धेप्रमाणे अल्लाह एकच, त्याला भागीदार नाही. त्याने वेळोवेळी पैगंबर पाठवले, महंमद हे त्यातले अखेरचे. त्यांच्यावर सुमारे २३ वर्षांत अरबीतून उतरलेली ११४ अध्यायांची ईश्वरी वाणी म्हणजे कुरआन. मरणानंतर प्रत्येकाला आपल्या कर्माचा हिशेब द्यायचा आहे. शब्द ईश्वराचेच असल्यामुळे नमाजात ते अरबीतच म्हटले जातात, आणि भाषांतराला कुरआन न म्हणता कुरआनचा अर्थ म्हणतात. म्हणूनच भाषांतराचे नाव काढले की अनेक विद्वानांच्या कपाळाला आठी पडे. पाठांतर होई, पण अरबी न शिकलेल्याला अर्थ उमगत नसे.

वलीउल्लाह यांनी ही अडचण ओळखली. १७३८ च्या सुमारास त्यांनी 'फत्हुर्रहमान' हे फारसी भाषांतर पुरे केले. फारसी भाषांतरे आधीही होती. पण हे भाषांतर कारागिरांच्या आणि शिपायांच्या मुलांना लहानपणीच शिकवावे, असे त्यांनी प्रस्तावनेत सुचवले. अरबी व्याकरणाला वर्षे देणे त्या मुलांना परवडणारे नव्हते. 'अल-फौजुल कबीर' या छोट्या ग्रंथात त्यांनी कुरआनच्या विषयांची पाच भागांत मांडणी केली: विधिनियम, इतर मतांशी वाद, ईश्वराच्या देणग्यांचे स्मरण, पूर्वीच्या लोकांच्या कथा, आणि मृत्यू व त्यानंतरचे जीवन.

२० ऑगस्ट १७६२ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुढे फारसी मागे पडू लागली, तेव्हा त्यांचे पुत्र वडिलांच्या फारसीला धरून बसले नाहीत. शाह रफीउद्दीन यांनी शब्दाला शब्द देत उर्दू भाषांतर केले, तर शाह अब्दुल कादिर यांनी १७९० च्या सुमारास बोलण्यातल्या सोप्या उर्दूत अर्थ मांडला. आज मराठीतही कुरआनची भाषांतरे मिळतात.

आपल्याकडे १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तोही संस्कृत न येणाऱ्या माणसासाठीच. पानिपतचा हिशेब इतिहासात राहील. पण अरबीला ईश्वराची वाणी मानणाऱ्या या शिक्षकानेही मुलाला समजेल ती भाषा जवळ केली. आमच्या गावातल्या मुलांना आईच्या भाषेत शिकू द्या, असे आम्ही म्हणतो, त्यामागेही एवढेच कारण आहे.