मणिभाई आणि सुबाभळीचा पाला

उसाचे वाडे आणि भाताचे पिंजर खाऊन जनावराचे पोट भरते, पण त्यातून प्रथिने फार थोडी मिळतात. कोल्हापुरातल्या नेसरीपासून पुण्याजवळच्या उरुळी कांचनपर्यंत गोठ्यांची ही अडचण जुनीच. मणिभाई देसाई यांनी तिच्यावर साधा उपाय शेतकऱ्यापर्यंत नेला.

सुरत जिल्ह्यात १९२० साली जन्मलेले मणिभाई १९४६ मध्ये गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमासाठी उरुळीला आले आणि तिथलेच झाले. १९६७ मध्ये त्यांनी ‘बायफ’ संस्था उभारली. संकरित गाई घरोघरी पोचल्या. पण नुसत्या जातीने दूध वाढत नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना नायट्रोजन कमी पडला, तर खाल्लेली वैरणही नीट पचत नाही. पेंड महाग. म्हणून संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. तिच्या वाळल्या पाल्यात साधारण वीस टक्के प्रथिने असतात. मात्र त्यातल्या मिमोसिनमुळे पाला अति झाल्यास जनावराचे केस गळतात, थायरॉइड ग्रंथी सुजते. म्हणून एकूण चाऱ्यात त्याचा वाटा एक-तृतीयांशाच्या आतच हवा.

१९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. बांधावरची सुबाभूळ आजही गोठ्याला पुरते.