जोसेफ स्वान

सर जोसेफ विल्सन स्वान (३१ ऑक्टोबर, इ.स. १८२८ - २७ मे, इ.स. १९१४) हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व संशोधक होते. कार्बनच्या तंतूचा विजेचा दिवा, छायाचित्रणासाठीचा ब्रोमाइड कागद आणि कृत्रिम रेशीम या तिन्हींच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. यांपैकी दिवा व रेशीम यांना जोडणारा दुवा सेल्युलोज हा होता. वनस्पतींच्या पेशीभित्तिका, कापूस व कागद हे सर्व मुख्यतः याच पदार्थाचे बनलेले असतात.

प्रारंभिक जीवन

स्वान यांचा जन्म संडरलँड येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण लवकर संपले व ते एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. पुढे ते न्यूकॅसल येथे जॉन मॉसन यांच्या रसायने बनविणाऱ्या पेढीत रुजू झाले व कालांतराने तिचे भागीदार झाले. मॉसन हे त्यांच्या बहिणीचे पती होते. डिसेंबर १८६७ मध्ये शहरात सापडलेल्या नायट्रोग्लिसरीनची विल्हेवाट लावताना झालेल्या स्फोटात मॉसन मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी स्वान यांच्या पत्नी फ्रान्सेस यांचेही निधन झाले. मुलांचे संगोपन व पेढीचा कारभार असा दुहेरी भार त्यांच्यावर आला. तरीही त्यांनी प्रयोग सोडले नाहीत. इ.स. १८७१ मध्ये त्यांनी दिवंगत पत्नीची बहीण हॅना यांच्याशी विवाह केला. असा विवाह त्या काळी इंग्लंडच्या कायद्याला मान्य नसल्याने तो स्वित्झर्लंडमध्ये करावा लागला.

विजेचा दिवा

स्वान यांनी इ.स. १८५० च्या सुमारास कागदाच्या पट्ट्यांवर प्रयोग सुरू केले. हवेचा संपर्क टाळून सेल्युलोज तीव्र तापविले असता त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात आणि मूळ आकाराचा कार्बन मागे उरतो. वीजप्रवाहाने हा कार्बन तापून प्रकाशतो. इ.स. १८६० पर्यंत त्यांनी अशी पट्टी प्रज्वलित करून दाखविली. परंतु काचेच्या फुग्यातील हवा पुरेशी काढता येत नसे. उरलेल्या ऑक्सिजनमुळे कार्बन लवकर जळून जाई.

पाऱ्यावर चालणाऱ्या स्प्रेंगेल निर्वात पंपामुळे ही अडचण दूर झाली. इ.स. १८७५ नंतर स्वान यांनी चार्ल्स स्टर्न यांच्या साहाय्याने पुन्हा प्रयोग हाती घेतले. १८ डिसेंबर, इ.स. १८७८ रोजी न्यूकॅसलच्या रासायनिक संस्थेत दाखविलेला दिवा प्रवाह जास्त झाल्याने काही मिनिटांतच निकामी झाला. ३ फेब्रुवारी, इ.स. १८७९ रोजी तेथील लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत मात्र मोठ्या श्रोतृवर्गासमोर प्रात्यक्षिक यशस्वी झाले.

या दिव्यात कार्बनची बारीक कांडी होती. इ.स. १८८० मध्ये त्यांनी सुती दोरा गंधकाम्लात बुडवून, धुऊन, मग त्याचा कार्बन करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. आम्लाने सेल्युलोजचे धागे फुगून एकजीव होतात व दोरा घट्ट होतो. त्याच वर्षी विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या क्रॅगसाइड या निवासस्थानी, तर इ.स. १८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात स्वान यांचे दिवे बसविण्यात आले. सॅव्हॉयमध्ये सुमारे १,२०० दिवे होते.

एडिसन यांच्याशी संबंध

थॉमस अल्वा एडिसन यांनी नोव्हेंबर १८७९ मध्ये ब्रिटनमध्ये एकस्व मिळविले. स्वान यांनी आपल्या मूळ दिव्याचे एकस्व घेतले नव्हते. न्यायालयीन संघर्ष टाळण्यासाठी इ.स. १८८३ मध्ये दोघांच्या कंपन्या एकत्र येऊन 'एडिस्वान' या नावाने प्रसिद्ध असलेली कंपनी स्थापन झाली. पुढे प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या खटल्यांत या कंपनीला एडिसन यांच्या एकस्वाचे समर्थन करावे लागले. स्वान यांचा आधीचा दिवा कांडीचा होता, तंतूचा नव्हे, असा निष्कर्ष निघणे कंपनीच्या हिताचे होते. त्यामुळे कंपनीचा विजय स्वान यांच्या अग्रक्रमाला बाधक ठरला.

कृत्रिम रेशीम

नैसर्गिक दोऱ्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. बारीक जागी रोध वाढून तो भाग अधिक तापतो व तेथेच तंतू तुटतो. यावर उपाय म्हणून स्वान यांनी नायट्रोसेल्युलोज ॲसेटिक आम्लात विरघळवून ते बारीक छिद्रातून अल्कोहोलमध्ये सोडले. त्यामुळे एकसारखा, सलग धागा मिळाला. नायट्रोसेल्युलोज अत्यंत ज्वालाग्राही असल्याने त्यातील नायट्रो गट अमोनियम सल्फाइडने काढून धागा पुन्हा सेल्युलोजच्या रूपात आणला जाई. या पद्धतीचे एकस्व त्यांनी इ.स. १८८३ मध्ये घेतले. हॅना यांनी या धाग्याचे विणकाम केले व ते इ.स. १८८५ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडण्यात आले. स्वान यांचे लक्ष दिव्याकडे असल्याने त्यांनी कापडाचा व्यवसाय उभारला नाही. तो मार्ग फ्रान्सच्या इलेर द शार्दोने यांनी पुढे नेला.

सन्मान व मृत्यू

स्वान इ.स. १८९४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. इ.स. १९०४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब व ह्यूज पदक मिळाले. फॅरेडे सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. सरे परगण्यातील वॉर्लिंगहॅम येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.