हवेवर चालणारे चाक : जॉन बॉइड डनलॉप

नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवरून दिवसभर सायकली, मोटारी आणि मालवाहू ट्रक धावत असतात. ही वाहने रबराच्या टायरवर चालतात, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्यांचा बहुतेक भार पेलते ती टायरमध्ये कोंडलेली हवा. हे तत्त्व प्रयोगाने पडताळून रोजच्या वापरात आणणारे जॉन बॉइड डनलॉप अभियंता नव्हते, कारखानदारही नव्हते. ते पशुवैद्य होते.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे तेथेच व्यवसाय केला. १८६७ साली ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. त्या काळी गाड्यांची चाके लोखंडी धावेची किंवा भरीव रबराची असत. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर प्रत्येक हादरा थेट बसणाऱ्याच्या अंगात उतरे.

डनलॉप यांचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवीत असे. तिचे हादरे कमी कसे करता येतील, या विचाराने १८८७ साली त्यांनी प्रयोग आरंभिला. एका लाकडी चकतीभोवती त्यांनी रबराची नळी बसवली, तिच्यावर कापड गुंडाळले आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. मग हे चाक आणि सायकलीचे जुने चाक त्यांनी आपल्या अंगणातून घरंगळत सोडून पाहिले. जुने चाक मध्येच थांबले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आपटले आणि मागे उसळले. नुसत्या आरामासाठी सुरू झालेल्या खटपटीतून दुसरेच सत्य हाती आले होते. हवेमुळे चाक मऊ तर झालेच, पण ते अधिक वेगानेही धावू लागले. २८ फेब्रुवारी १८८८ रोजी मुलाने हवेच्या चाकांची सायकल प्रथम चालवली आणि त्याच वर्षी डनलॉप यांना एकस्व मिळाले.

लोकांचा विश्वास संपादन करणे मात्र सोपे नव्हते. तो मिळाला शर्यतीच्या मैदानावर. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत विली ह्यूम हा सायकलपटू फुगीर टायरची सायकल घेऊन उतरला. ते जाडजूड टायर पाहून प्रेक्षकांना हसू आले. परंतु शर्यती त्यानेच जिंकल्या आणि थट्टेची जागा कुतूहलाने घेतली. हार्वी ड्यु क्रॉ या उद्योजकाच्या पुढाकाराने त्याच वर्षी डब्लिन येथे टायर बनविणारी कंपनी उभी राहिली.

यशाची वाट अशी मोकळी होत असतानाच एक मोठा आघात झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश संशोधकाने हवेच्या टायरचे एकस्व १८४५ सालीच घेतले होते, असे उघडकीस आले. थॉमसन यांच्या काळी सायकली सर्वत्र झाल्या नव्हत्या आणि त्यांचा शोध विस्मृतीत गेला होता. तरीही मूळ कल्पनेचा मान त्यांचाच ठरला आणि डनलॉप यांचे एकस्व टिकले नाही. रिमला घट्ट बसणाऱ्या तारेच्या काठाचा टायर आणि इतर सुधारणांच्या हक्कांवर कंपनी मात्र तरली. डनलॉप काही वर्षांत कंपनीपासून दूर झाले. त्यांच्या नावाने जगभर उद्योग वाढला, पण त्यातून निर्माण झालेली अफाट संपत्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले.

मूळ कल्पना दुसऱ्याची ठरली, तर डनलॉप यांचे श्रेय कोणते? त्यांनी कल्पना अंगणात उतरवली, जुन्या चाकाशी तिची तुलना केली आणि निकाल डोळ्यांनी पाहिला. हे श्रेय कोणीही हिरावून घेऊ शकले नाही. टायरच्या उपयोगाला आजही हीच पद्धत लागते. भारतात २०१४ साली ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर ट्रकांची शर्यत झाली. अशा वळणावळणांच्या मार्गावर कोणतेही वाहन उतरवताना टायरमध्ये किती हवा भरावी, हा महत्त्वाचा प्रश्न असतो. हवा कमी पडली तर वळणावर टायरची बाजू दुमडते आणि टायर तापतो. ती जास्त झाली तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि पकड सुटते. रिकाम्या पिकअप ट्रकचा पुढचा भाग जड व मागचा हलका असतो. म्हणून पुढच्या व मागच्या टायरचा दाब वेगवेगळा ठेवावा लागतो.

शिवाय धावताना हवा तापून दाब वाढतो. थंड टायरमध्ये दर चौरस इंचाला ३५ पौंड दाब असेल, तर तापमान १० अंश सेल्सिअसने वाढताच तो सुमारे दीड पौंडाने चढतो. म्हणून शर्यतीचे जाणकार काही फेऱ्यांनंतर वाहन थांबवून गरम टायरचा दाब मोजतात आणि टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या पट्ट्यांचे तापमान पाहतात. मधला पट्टा अधिक तापला असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा अधिक तापल्या असतील तर ती कमी आहे, असा साधारण अर्थ लावून ते दाब बदलतात, त्याची नोंद ठेवतात आणि पुन्हा फेरी मारून पाहतात. रोजच्या रस्त्यावरील वाहनाचा नियम वेगळा आहे. वाहन उभे राहून टायर थंड झाल्यावरच दाब मोजावा आणि उत्पादकाने सांगितला तेवढाच ठेवावा. नवा रायपूरच्या कडक उन्हात टायर तापला म्हणून हवा काढून टाकली, तर तो थंड झाल्यावर दाब कमी पडतो आणि पुढच्या प्रवासात टायर फुटण्याचा धोका वाढतो.

बेलफास्टच्या अंगणात एका पशुवैद्याने दोन चाके सोडून पाहिली, तेव्हा त्याच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती केवळ पडताळून पाहण्याची वृत्ती. प्रवासाला निघण्यापूर्वी टायरचा दाब मोजणारा प्रत्येक चालक नकळत त्याच वृत्तीचा वारसा चालवीत असतो.