बीथोव्हेनचे यकृत आणि त्वचेवरचा ‘कोळी’

बीथोव्हेन म्हटले की त्याचा बहिरेपणा आठवतो. त्याचा जीव मात्र यकृताने घेतला.

१७७० साली जर्मनीतील बॉन येथे त्याचा जन्म झाला. वडील दरबारी गायक, पण दारूच्या आहारी गेलेले. १७८७ मध्ये आई क्षयाने गेली आणि धाकट्या भावांची जबाबदारी त्याच्यावर आली. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला गेला, पियानोवादक म्हणून नावारूपाला आला. तिशी गाठण्याआधीच ऐकू येणे कमी होऊ लागले, तरी संगीतरचना थांबली नाही. नववी सिंफनी १८२४ मध्ये प्रथम सादर झाली, तेव्हा त्याला टाळ्याही ऐकू येत नव्हत्या.

१८२१ मध्ये त्याला कावीळ झाली. ती उतरली आणि तो पुन्हा कामाला लागला. वाईन सुटली नाही. डिसेंबर १८२६ मध्ये भावाच्या गावाहून उघड्या गाडीतून परतल्यावर तो अंथरुणाला खिळला. पुन्हा कावीळ, पायांना सूज, पोटात पाणी. या जलोदरासाठी चार वेळा पोट टोचून पाणी काढावे लागले. २६ मार्च १८२७ रोजी, ५६व्या वर्षी तो गेला. शवविच्छेदनात यकृत निम्म्यावर आक्रसलेले, चामड्यासारखे कडक आणि गाठींनी भरलेले आढळले. यालाच आपण सिरॉसिस म्हणतो. २०२३ मध्ये त्याच्या जपून ठेवलेल्या केसांतील डीएनए तपासला गेला. त्यात यकृतविकाराची आनुवंशिक जोखीम आणि हिपॅटायटिस बीचा संसर्ग दिसून आला.

पहिली कावीळ आणि मृत्यू यांत जवळपास सहा वर्षे होती. त्या काळी ना रक्ततपासणी होती, ना सोनोग्राफी. आज दोन्ही आहेत. पण त्यासाठी रुग्ण वेळेवर यायला हवा. यकृत दुखत नाही, मात्र कधी कधी त्वचेवर खूण उमटवते.

‘स्पायडर अँजिओमा’ ही अशीच एक खूण. मध्ये लाल ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रक्तवाहिन्या. बोटाने दाबले की लाली जाते, सोडले की मधल्या ठिपक्यातून बाहेर पसरत परत येते. चेहरा, मान, छातीचा वरचा भाग आणि हात येथे ती आढळते. सावळ्या त्वचेवर ती चटकन दिसत नाही, म्हणून चांगल्या उजेडात पाहावे.

लहान मुलांत, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत एखाद-दुसरा असा ठिपका असू शकतो. त्याने घाबरू नये. पण प्रौढ वयात असे ठिपके नव्याने आणि अनेक उमटले, सोबत तळहात लाल, डोळे पिवळे किंवा पाय सुजलेले असतील, तर नुसते मलम लावू नका, ठिपके जाळूनही घेऊ नका. यकृताची रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी व सी यांच्या चाचण्या आणि सोनोग्राफी करून घ्या. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर लगेच रुग्णालय गाठा.

कावीळ उतरली म्हणजे यकृत बरे झाले, असे नव्हे. बीथोव्हेनचे यकृत डॉक्टरांनी पाहिले ते मृत्यूनंतर. आपले जिवंतपणी दाखवता येते.