संकटानंतरचे घर : पंडिता रमाबाई

ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेले वादळ आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरले आणि तेलंगण व उत्तर कर्नाटक ओलांडून महाराष्ट्राकडे गेले. त्या पावसाने भीमा नदीला मोठा पूर आला. आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमाकाठची माणसे घरेदारे सोडून निवारा केंद्रांत गेली. पाणी चढत असते तेव्हा सर्वांचे लक्ष असते. धान्य येते, कपडे येतात, मदतीच्या गाड्या येतात. पण पाणी ओसरते, गाड्या परत जातात आणि चिखलाने भरलेल्या घराच्या उंबरठ्यावर कुटुंब उभे राहते. त्यांचे खरे दिवस तेव्हा सुरू होतात. त्या दिवसांत मंडळीने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला एका बाईच्या चरित्रात सापडते. तिचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंवर जे संकट आले ते वादळाचे नव्हते, दुष्काळाचे होते. वादळ एका रात्रीत घर पाडते. दुष्काळ तेच काम महिनोन् महिने करीत राहतो. परंतु दोन्हींनंतर मागे राहणारी माणसे सारखीच असतात: पोरकी मुले, एकट्या पडलेल्या बाया आणि ज्यांना विचारणारे कोणी उरले नाही अशी म्हातारी माणसे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. तो भाग आज आपल्या कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रीला संस्कृत शिकवू नये असा तो काळ, पण त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंबाने घर सोडले. एका टोपलीत घालून तिला रानातून खाली आणले असे सांगतात. पुढे सारे आयुष्य तीर्थयात्रेत. देवळांत पुराण सांगावे, लोक देतील त्यावर राहावे, असा त्यांचा क्रम होता. आईने चालता चालता लेकीला हजारो श्लोक पाठ करविले.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, दागिने गेले, भांडी गेली. मजुरी करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा पेचात हे विद्वान कुटुंब सापडले. तिरुपतीजवळच्या रानात त्यांनी कित्येक दिवस पाणी व झाडपाला यांवर काढले. १८७४ साली अनंतशास्त्री वारले. उरलेली तिघे मुले आईला घेऊन फिरत फिरत निजामाच्या राज्यातील रायचूरला आली.

रायचूरला जे घडले ते रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. आई तापाने आणि भुकेने अंथरुणाला खिळली होती. तिने भाकरीचा तुकडा मागितला. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका बाईच्या दारात गेली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या भल्या बाईने बाजरीची भाकर दिली. रमा धावत परत आली, पण आईच्या अंगात घास गिळण्याची शक्ती उरली नव्हती. थोड्याच दिवसांत ती गेली. परक्या गावात तिला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी खुद्द रमा. स्मशान कोसभर दूर. रमा ठेंगणी असल्यामुळे तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने आईचा भार डोक्यावर घेतला. काही काळाने थोरली बहीण कृष्णाबाईही वारली.

वाचकहो, आपल्या मराठीत माणसाची श्रीमंती चार खांदेकऱ्यांवरून मोजतात. रमाबाईंनी पुढे जे सारे केले त्याचे मूळ मला त्या रायचूरच्या वाटेवर दिसते.

त्यानंतर बहीणभाऊ देशभर पायी हिंडले. १८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या वयात त्या विधवा झाल्या. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, नंतर इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. काही मुली ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या तेव्हा मोठे वादळ उठले, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तेही घर त्यांनी मोडू दिले नाही.

१८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंजवळ शारदा सदनाची जबाबदारी होतीच. अमेरिकेतून येणारा पैसा त्या सदनासाठी होता, दुष्काळातील मुलींसाठी वेगळी तरतूद नव्हती. हिशेबाने पाहिले तर जाण्याचे कारण नव्हते. पण भुकेने माणूस कसा होतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. त्या निघाल्या. तेथे त्यांनी मदतीची केंद्रे पाहिली. धान्य होते, पण आईबाप गेलेल्या मुलींना जवळ घेणारे कोणी नव्हते आणि अशा मुलींवर टपून बसलेली दुष्ट माणसे मात्र होती. आजही पूर वा भूकंपानंतर एकट्या मुलींवर हेच संकट येते, हे आपण विसरू नये. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा आणल्या.

इकडे पुण्यात प्लेग आला होता. एवढी माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. तेथे ना पुरेशी घरे, ना सोय. मिळेल त्या तात्पुरत्या आसऱ्याखाली मुलींना ठेवावे लागले. प्लेगच्या छावणीत नेलेल्या आपल्या एका मुलीचे जे झाले त्याबद्दल १८९७ साली त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारला उघड जाब विचारला. तीनशेंतली एक, म्हणून ती त्यांच्या हिशेबातून सुटली नाही.

आता या माळावर त्यांनी काय केले ते नीट पाहू, कारण आपल्या मंडळ्यांसाठी शिकण्यासारखे ते आहे. मुली नुसत्या हाडांच्या सापळ्यासारख्या होत्या. कोणाच्या अंगावर जखमा, कोणी आजारी. कित्येकींना उपासाने अशी सवय लागली होती की दिलेले अन्न त्या लपवून ठेवीत. रमाबाईंनी शारदा सदनातल्या जुन्या मुली पुढे केल्या. काल ज्या स्वतः आश्रयाला आल्या होत्या त्याच आज लहानग्यांच्या आया, बहिणी व शिक्षिका झाल्या. कोणी केस धुऊन विंचरावे, कोणी जखमा बांधाव्यात, कोणी अक्षरे गिरवून घ्यावीत. अशा रीतीने जमाव मोडला आणि घर उभे राहिले.

दुसरे म्हणजे त्यांनी हातांना काम दिले. विहिरी खोदल्या, शेती केली, गुरे पाळली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा आणि पुढे छापखाना सुरू झाला. आमच्या नौबादेत बहामनी काळातली जमिनीखालची सुरंग बावी आहे. पाण्यासाठी माणसाला किती खोल जावे लागते हे आम्हांस ठाऊक आहे. केडगावचा माळही तसाच कोरडा होता. जी मुलगी स्वतः पिकवते, विणते, वाचते, ती फार दिवस अनाथ राहत नाही.

तिसरे म्हणजे त्या घराची मंडळी झाली. केडगावजवळून तीच भीमा वाहते जी पुढे कलबुर्गी जिल्ह्यात येते. बैलगाड्यांतून त्या नदीवर जाऊन कित्येक मुलींनी बाप्तिस्मा घेतला. २४ सप्टेंबर १८९८ रोजी या कामाला मुक्ति हे नाव मिळाले. १९०० च्या दुष्काळात गुजरात व इतर भागांतून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले, अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली, वृद्धांसाठीही जागा केली. १९०५ साली तेथे मोठे आत्मिक संजीवन झाले. त्याची साक्ष जगभर गेली. पण त्याआधीची आठ वर्षे तेथे रोज केस विंचरले जात होते आणि भाकऱ्या भाजल्या जात होत्या, हेही शब्बाथशाळेत सांगावे.

आपल्या भागाशी रमाबाईंचे नाते एवढ्यावर संपत नाही. १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी गुलबर्ग्यास ख्रिस्ती शाळा काढली आणि तिची धुरा मनोरमाबाईंवर सोपविली. नकाशा उघडून पाहा. केडगाव, गुलबर्गा आणि रायचूर ही तिन्ही गावे एकाच रेल्वेमार्गावर आहेत. ज्या मुलखात आईला खांदा मिळाला नाही, त्याच वाटेवर त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी शाळा उघडली. कटुता ठेवण्यास त्यांना कारण होते, पण त्यांनी ती ठेवली नाही.

अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात घालविली. मुक्तीतल्याच मुली ते छापीत. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा वारली. आईबाप, भावंडे, पती, लेक, साऱ्यांना पोचवून ही बाई आपल्या टेबलापाशी परत बसली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. आईला चार खांदे मिळण्याची पंचाईत झाली होती. लेकीच्या मागे हजारोंचे घर रडले. ते घर आजही चालू आहे.

कोणी विचारील, आमची मंडळी लहान, आमच्याजवळ शंभर एकर जमीन नाही. खरे आहे. पण शेजारच्या बाईजवळही एक भाकरच होती, आणि ती तिने दिली. ती भाकर देताना तिने रमेला जात वा देव विचारल्याचे कोठे ऐकिवात नाही. आपणही विचारू नये. उपाशी माणसाच्या भाकरीला अट घालणे ख्रिस्ताच्या माणसाला शोभत नाही. आपली श्रद्धा त्यांना आपल्या वागण्यातून दिसू द्यावी.

तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक मंडळीने एवढे तरी करावे. आपल्यांत व आपल्या शेजारी एकटे कोण राहते याची यादी करावी, मग ते आपल्या मंडळीचे असोत वा नसोत. पूर, वारा वा आग यांनंतर कोणत्या घरी कोणी जायचे, हे नावानिशी ठरवावे. आणि मदतीच्या गाड्या गेल्यानंतर पंधराव्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा जावे. शब्बाथशाळेच्या मुलांनाही बरोबर न्यावे, म्हणजे त्यांना कळेल की मंडळी केवळ रविवारी भरत नाही. आपल्या गावात कोणा लेकीला आईचा भार एकटीने डोक्यावर घ्यावा लागू नये, म्हणून प्रभू आपले खांदे तयार करो.