औंधच्या राजाचा सूर्यनमस्कार

संस्थानिक म्हटले की शिकार, शर्यतीचे घोडे, विलायतेच्या वाऱ्या आणि उंची मद्य यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी या चित्रात कोठेच बसत नाहीत. भल्या पहाटे उठून घाम निथळेपर्यंत सूर्यनमस्कार घालणारा, कीर्तनाला उभा राहणारा, हाती कुंचला घेऊन रामकथा रंगविणारा असा हा राजा होता. प्रजेच्या ताटात काय पडते याची चौकशी करणे हे राज्यकारभाराचेच काम आहे, असे तो मानीत असे. त्यांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण त्यांनी घराघरांत पोहोचविलेला नमस्कार मात्र आज जगभर घातला जातो. तो घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना औंधचे नाव ठाऊक असते.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. राजघराण्यातील मुलाला त्या काळी पदवीची गरज नव्हती, तरी त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून बी. ए. केले. व्यायामाची आवड लहानपणापासून होती. जोर, बैठका वगैरे देशी प्रकार झाले. पुढे युरोपात यूजेन सँडो या बलदंड माणसाचे नाव गाजू लागले, तेव्हा बाळासाहेबांनी त्याची पुस्तके आणि उपकरणे मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. छाती भरली, दंड फुगले, पण पोट काही हटेना. हा अनुभव पुढील साऱ्या गोष्टींचे मूळ आहे. बाहेरून पिळदार दिसणारे शरीर आतून निरोगी असतेच असे नाही, हे त्यांना स्वतःच्या कमरेच्या घेराने शिकविले.

मिरजेच्या अधिपतींनी त्यांना सूर्यनमस्कारांची वाट दाखविली. साल १९०८ च्या सुमारास बाळासाहेबांनी सँडोची उपकरणे बाजूला ठेवली आणि नमस्कार सुरू केले, ते अखेरपर्यंत. नमस्कार महाराष्ट्राला नवा नव्हता. समर्थ रामदासांच्या परंपरेत आणि तालमींत तो होताच, मात्र कोणी व्रत म्हणून, कोणी नवस म्हणून, तर कोणी कुस्तीची पूर्वतयारी म्हणून तो घालीत असे. बाळासाहेबांनी त्याची नीट मांडणी केली. दहा अवस्था, प्रत्येक अवस्थेतील श्वासाचे बंधन, बीजमंत्रांचा उच्चार आणि वयानुसार वाढविण्याची संख्या हे सारे त्यांनी ठरवून लिहून काढले. साष्टांगाच्या अवस्थेत कपाळ, छाती, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकतात, पोट मात्र टेकू द्यायचे नाही, यावर त्यांचा कटाक्ष होता. सँडोच्या वजनांनी जे साधले नव्हते, ते या आत ओढलेल्या पोटाने साधले. मोठ्या माणसाने हळूहळू तीनशेपर्यंत जावे, असा त्यांचा आग्रह असे. तो आज ऐकूनच धाप लागते.

१९०९ मध्ये ते गादीवर आले. औंध हे काही मोठे संस्थान नव्हते. जेमतेम ७२ गावे, तीही एका ठिकाणी नाहीत. औंध, कुंडल, आटपाडी आणि दूर विजापूरकडे गुणदाळ अशी ती विखुरलेली होती. आटपाडीचा मुलूख माणदेशातला, पावसाने पाठ फिरविलेला. तिजोरी बेताची. अशा संस्थानात मोठी इस्पितळे बांधणे परवडणारे नव्हते. रोग झाल्यावर खर्च करण्यापेक्षा तो होऊच नये म्हणून काय करता येईल, हा प्रश्न बाळासाहेबांपुढे असा व्यवहाराच्या अंगानेही उभा होता. नमस्काराला पैसा लागत नाही, उपकरण लागत नाही, आखाडा लागत नाही. सहा-सात फूट जमीन पुरते. म्हणून तो त्यांनी संस्थानातील शाळांत सक्तीचा केला. मुलांबरोबर मुलींनाही. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलले जाई, हे त्या काळच्या मानाने धाडसाचेच होते.

सूर्यनमस्काराचे गोडवे गाणारे लेखन आजही पुष्कळ होते, पण बाळासाहेबांच्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग बहुतेक वेळा गळून जातो. तो आहाराचा. नुसता व्यायाम करून भागत नाही, अन्नही तसेच हवे, हे ते सतत सांगत. गिरणीत घासून पांढराशुभ्र केलेला तांदूळ, मैदा, साखर, तिखट-मसाल्याचा अतिरेक, चहा, कॉफी, तंबाखू आणि दारू यांच्या ते विरुद्ध होते. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट गव्हाचे पीठ, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या भाज्या, फळे आणि दूध यांचा त्यांनी पुरस्कार केला. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. गावोगावी भाताच्या गिरण्या निघत होत्या, पांढरा भात प्रतिष्ठेचा ठरत होता, आणि १९३० च्या दशकात चहाच्या प्रचारकांनी देशभर फुकट पेले वाटून लोकांना त्याची चटक लावण्याची मोहीम चालविली होती.

यामागे केवळ जुन्याचा अभिमान नव्हता. घासलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंडा खायला घातला की तो बरा होतो, हे डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान आइकमान याने जावा बेटावर पाहिले होते. त्याबद्दल त्याला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इकडे निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन उंदरांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घालून पाहत होता. कोंड्यासकट गव्हाची पोळी, दूध, भाज्या आणि डाळी यांवर वाढलेले उंदीर धडधाकट निघाले, तर मुख्यतः घासलेल्या भातावर जगणारे रोगट. औंधच्या राजाचे म्हणणे आणि प्रयोगशाळेचे निष्कर्ष असे एकाच दिशेने चालले होते. परभणीजवळच्या पिंगळीपासून माणदेशापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ आणि रानातली पालेभाजी हे गरिबीचे जेवण मानले जाई. पोषणाच्या दृष्टीने ते शहरातल्या पांढऱ्या भातापेक्षा उणे नव्हते. उणे होते ते त्याचे प्रमाण. दुष्काळी वर्षात भाकरीच अर्धी होत असे, आणि दूध विकायला जात असे.

बाळासाहेबांच्या विचाराची खरी कसोटी येथेच लागते. अर्धपोटी मुलाला नमस्कार घालायला लावून त्याचे आरोग्य सुधारत नाही. दूध, फळे आणि भाज्या खा, हा उपदेश राजवाड्यातून करणे सोपे, आटपाडीच्या माळावर पाळणे अवघड. शिवाय नमस्कारांनी कोणकोणते रोग बरे होतात, याविषयी त्यांनी केलेले काही दावे आजच्या वैद्यकाच्या कसोटीला उतरणारे नाहीत. उत्साही माणसाला आपले औषध सर्वांवर लागू पडते असे वाटू लागते, तसे त्यांचेही झाले. पाठीचे दुखणे, वाढलेला रक्तदाब, गर्भारपण अशा अवस्थांत डॉक्टरांना विचारल्यावाचून नमस्कार घालू नयेत, हे आज कोणीही जाणता सांगेल.

या नमस्कारवेडाची महाराष्ट्राने थट्टाही मनसोक्त केली. आचार्य अत्रे यांचे साष्टांग नमस्कार हे नाटक १९३३ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यातील नमस्काराने झपाटलेल्या रावबहादुरांनी प्रेक्षकांना पोट धरून हसविले. एखाद्या व्यायामावर तीन अंकी प्रहसन लिहिले जावे आणि ते प्रत्येकाला कळावे, यावरूनच ती लाट केवढी होती हे ध्यानात येते.

ती लाट समुद्रापारही गेली. सूर्यनमस्कारांवरील बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये निघाले. १९३६ मध्ये ते लंडनला गेले असताना न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या पत्रकार लुईस मॉर्गन त्यांना भेटल्या. सत्तरीकडे झुकलेल्या या गृहस्थाचा ताठ बांधा आणि तजेला पाहून त्या थक्क झाल्या. त्यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेने आरोग्याचा दहा अवस्थांचा मार्ग अशा अर्थाच्या नावाने ते पुस्तक पाश्चात्त्य वाचकांसाठी काढले. गंमत अशी, की त्या काळी सूर्यनमस्कार आणि योगासने या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात. नमस्कार हा योगाच्या वर्गाचा अविभाज्य भाग झाला तो नंतर.

उपदेश आणि वास्तव यांतील अंतर बाळासाहेबांना दिसत नव्हते, असे म्हणता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ देऊन त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू दिली. पंडित सातवळेकरांना १९१८ मध्ये औंधला आश्रय दिला. आसने आणि व्यायाम यांवर लिहिणारे हे पंडितजी पुढे शंभरी पाहून १९६८ मध्ये निवर्तले. पण सर्वांत मोठे पाऊल पडले ते १९३८ मध्ये. पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, महात्मा गांधींच्या सल्ल्याने, बाळासाहेबांनी सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अमलात आली. गांधीजींनी राजालाही साधे राहण्याची अट घातली होती. आपला खासगी खर्च कमी करून घेणारे संस्थानिक किती झाले, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. गावाची शाळा, पाणी आणि रस्ता यांविषयी गावानेच ठरवावे, ही कल्पना नमस्काराइतकीच आरोग्याशी जोडलेली होती. स्वच्छ पाण्यावाचून कोणताही व्यायाम हगवण थांबवू शकत नाही.

याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंतींऐवजी शेती आणि विश्वास. औंधच्या डोंगरावरील संग्रहालयही १९३८ चेच. तेथे हेन्री मूरचे शिल्प पाहून आजही पाहुणे चकित होतात.

भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आले. वाढलेले पोट, बैठे काम, पांढरी साखर आणि घासलेले धान्य यांची जी यादी डॉक्टर आज रुग्णापुढे ठेवतात, ती बाळासाहेबांच्या यादीहून फारशी निराळी नाही. त्यांच्या काळी हा श्रीमंतांचा आजार होता. म्हणूनच बहुधा तो त्यांना आपल्या शरीरावरून आधी कळला. आता तो तालुक्याच्या गावीही पोहोचला आहे, आणि एके काळी गरिबीची मानली गेलेली ज्वारीची भाकरी शहरातल्या हॉटेलांत चढ्या भावाने विकली जाते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी बाळासाहेबांचे निधन झाले. अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले आणि तेथेही वडिलांनी शिकविलेला नमस्कार त्यांनी सोडला नाही. त्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले.